मॉयचा फिरता पूल : दोन पाती, एक माणूस, एक होडी

पश्चिम स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमजवळ कॅलेडोनियन कालवा समुद्राला मिळतो. तिथून काठाकाठाने ईशान्येला निघालं की बॅनाव्हीला आठ लॉकची, म्हणजे आत पाणी भरून किंवा सोडून नौका वर-खाली करणाऱ्या, दारं असलेल्या हौदांची, सलग चढण लागते. ती संपली की पुढचे सुमारे १० किलोमीटर पाणी एकाच पातळीत राहतं आणि मागे उजव्या हाताला बेन नेव्हिस डोंगर दिसत राहतो. या सपाट टप्प्यात, गेअरलॉकीच्या अलीकडे, दोन दगडी धक्क्यांच्या मध्ये बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक अरुंद पूल आहे. हा मॉयचा पूल. अभियंता थॉमस टेलफर्डच्या देखरेखीखाली कालव्यावर जे फिरते पूल उभे राहिले, त्यांतला हा एकच मूळ रूपात आपल्या जागी उरला आहे. तो आजही हाताने उघडतात.

पूल मधोमध दुभागलेला आहे. प्रत्येक काठावर एक पातं, आणि प्रत्येक पातं आपापल्या काठावरच्या खुंट्याभोवती आडवं फिरतं. शिडाची नौका आली की पुलावरचा कर्मचारी दक्षिणेकडचं पातं ढकलून बाजूला करतो, छोट्या होडीत बसतो, वल्हवत पलीकडे जातो आणि उत्तरेकडचं पातं ढकलतो. नौका पुढे गेली की हेच सगळं उलट क्रमाने करतो.

याच कालव्याच्या लॉकची दारंही एके काळी हाताने, माणसांनी गोल फिरत ओढायच्या रहाटांनी उघडत असत. १९६० च्या दशकात ती यंत्रावर गेली. मग मॉयचा पूल का राहिला? तो पर्यटकांसाठी राखलेला नमुना आहे असं समजून पुढे जाणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. या पुलाचं हाताने चालणं त्याच्या रचनेतून, त्याच्या कामातून आणि त्याच्या धातूतून आलं आहे. ते कसं, हे नीट उलगडून पाहण्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे.

शेत तुटलं म्हणून पूल

स्कॉटलंडच्या उत्तर भागाला ग्रेट ग्लेन नावाची एक सरळ दरी तिरकी चिरत जाते. तिच्यात लॉख लॉखी, लॉख ऑइख, लॉख नेस आणि लॉख डॉखफर ही सरोवरं एका ओळीत पडली आहेत. ती कालव्यांनी जोडली की जहाजांना उत्तरेच्या केप रॅथचा आणि पेंटलंडच्या सामुद्रधुनीचा धोकादायक वळसा टळतो. एकूण लांबी सुमारे ९७ किलोमीटर, त्यातले जेमतेम ३५ किलोमीटर खोदायचे, बाकी सरोवरं. १८०३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. टेलफर्ड आणि विल्यम जेसप हे अभियंते नेमले गेले. हेतू दोन होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात जहाजांना सुरक्षित वाट मिळावी, आणि जमिनी सुटल्यामुळे अमेरिकेकडे निघालेल्या हायलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, माणसांना घराजवळ मजुरी मिळावी. मजूर मिळाले, पण ते शेतकरी आणि कोळीच होते. हेरिंग माशांचा मोसम आला किंवा बटाटे काढायला झाले की कामं ओस पडत.

टेलफर्डचा अंदाज होता ३,५०,००० पौंड आणि ७ वर्षं. ऑक्टोबर १८२२ मध्ये कालवा खुला झाला तेव्हा खर्च ९,००,००० पौंडांच्या पुढे गेला होता, पाण्याची खोली ठरल्यापेक्षा बरीच कमी राहिली होती, नेपोलियन मरून वर्ष उलटलं होतं आणि वाफेची मोठी जहाजं यायला लागली होती. १८४० च्या दशकात कालवा बंद ठेवून तो खोल करावा लागला आणि १८४७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. व्यापारी हिशेबात हा कालवा कधीच फार यशस्वी ठरला नाही. आपल्या पुलाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

खोदाई म्हणजे कोणाची तरी जमीन. बड्या जमीनदारांनी भरपाई रोखीत घेतली. ग्लेनगॅरीच्या मॅकडॉनेलने कालव्याला विरोध केला, पैसे घेतले आणि तरी तक्रार चालूच ठेवली. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र पैशाने सुटणारा नव्हता. मॉय इथे कालव्याने शेत दोन भागांत तोडलं. घर एका बाजूला आणि कुरण दुसऱ्या बाजूला पडलं, तर गुरं रोज न्यायची कशी? पाटाचा कालवा ज्यांच्या रानातून गेला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ब्रिटनमधल्या कालव्यांच्या कायद्यांत अशा शेतकऱ्याला ओलांडायची सोय करून द्यायचं बंधन नेहमी असे. मॉयचा पूल त्या बंधनातून आला. त्याच्यावरून ना हमरस्ता जातो, ना टपाल, ना बाजाराची वर्दळ. शेताची वाट, गुरं, गाडी आणि पायी चालणारी माणसं, एवढंच त्याचं काम.

इंग्लंडमधल्या बहुतेक कालव्यांवर अशा जागी उंचवट्याचा दगडी कमानी पूल बांधत. तिथल्या अरुंद नावा बुटक्या असल्यामुळे त्या खालून निघून जात. कॅलेडोनियन कालवा समुद्री जहाजांसाठी होता. डोलकाठ्या उभ्याच राहणार, त्यामुळे पूल बाजूला होणं भाग होतं. लॉकची रुंदी सुमारे ४० फूट ठेवली होती, म्हणजे पुलाखालची मोकळी वाटही त्याच हिशेबाची हवी.

एकाच माणसाचं कोडं

नदी ओलांडायची जुनी कोडी आपण लहानपणी सोडवतो. मॉयला असं एक कोडं खरोखर आहे आणि त्याचं उत्तर रोजच्या कामात वापरलं जातं.

समजा, कर्मचारी दक्षिण काठावर आहे आणि पूल बंद आहे. पहिली रीत अशी की तो पुलावरून चालत उत्तरेला जाईल, उत्तरेचं पातं उघडेल, होडीने दक्षिणेला परत येईल आणि दक्षिणेचं पातं उघडेल. नौका गेल्यावर दक्षिणेचं बंद करायचं, होडीने उत्तरेला जायचं, तिथलं बंद करायचं आणि पुलावरून चालत परत यायचं. दुसरी रीत अशी की आधी आपल्या काठचं पातं उघडायचं, होडीने पलीकडे जायचं, तिथलं उघडायचं. नौका गेली की तिथलं बंद करून होडीने परत यायचं आणि आपल्या काठचं बंद करायचं.

दोन्ही रीतींत होडीच्या खेपा दोनच होतात. पण पहिल्या रीतीत पुलावरून दोनदा चालावं लागतं आणि काम नसताना होडी दूरच्या काठावर पडून राहते. दुसऱ्या रीतीत चालणं वाचतं आणि होडी कायम आपल्या काठाला बांधलेली राहते. रात्री पाणी वाढलं, दोर सुटला, कोणी पाण्यात पडलं, तर ती हाताशी असते. म्हणून आधी आपलं पातं, मग वल्ही. हा क्रम सवयीने पडलेला वाटला तरी त्यामागे पक्का हिशेब आहे.

होडी टाळायची असेल तर दोन माणसं हवीत, किंवा एकाने गाडीतून गेअरलॉकीच्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून यायला हवं. वळशाला वेळ लागतो आणि तेवढ्यात वाऱ्यात थांबलेली नौका भरकटते. धक्क्यांपाशी कालवा आवळलेला आहे, त्यामुळे पाण्याचं अंतर फार थोडं आहे. वळशापेक्षा वल्ही कधीही जवळची.

पातं ढकलायला जोर किती लागतो

आता मुख्य शंका. बिडाचा पूल, कित्येक टनांचं वजन, आणि एक माणूस तो फिरवतो?

प्रत्येक पात्याला दोन हात असतात. लांब हात पाण्यावर, आखूड हात जमिनीच्या बाजूला. आखूड बाजूला जास्त वजन देऊन दोन्ही हात तोलायचे, म्हणजे सगळा भार मधल्या खुंट्यावर आणि त्याच्याभोवतीच्या चाकांच्या कड्यावर सरळ खाली येतो. जात्याचा वरचा दगड खुंट्यावर बरोबर बसला असेल तर एका हाताने फिरतो आणि खुंटा झिजला की दोघी बसल्या तरी अडतो, तसंच हे. वजन उचलायचं नसतंच, फक्त घर्षण जिंकायचं असतं.

समजण्यासाठी काही आकडे धरू. हे मॉयचे मोजलेले आकडे नाहीत, हिशेबापुरते आहेत. पातं १० टनांचं, चाकांचं कडं मध्यापासून १ मीटरवर, आणि वंगण दिलेल्या चाकांचा विरोध वजनाच्या शंभराव्या भागाएवढा. म्हणजे कड्यापाशी १०० किलोचा विरोध झाला. माणूस मध्यापासून ४ मीटरवर उभा राहून ढकलत असेल तर त्याला लागतो २५ किलोचा जोर. अंग टेकवून पावलं टाकत जाणाऱ्या माणसाला तेवढा सहज जमतो. चाकं गंजली आणि विरोध दुप्पट झाला तर ५० किलो, म्हणजे दमछाक. चाकं अडकून लोखंड लोखंडावर घासायला लागलं तर हाच आकडा ५०० किलोपर्यंत जाईल आणि तिथे माणसाचं काम संपलं. या पुलाचं सगळं आयुष्य त्या कड्याच्या स्वच्छतेवर आणि वंगणावर उभं आहे.

मग दोन पाती का? एकच लांब पातं ठेवलं असतं तर होडी लागलीच नसती. इथे लांबीचा हिशेब आडवा येतो. एका टोकाला धरलेल्या तुळईची लांबी दुप्पट केली, दर फुटामागचं वजन तेच ठेवलं, तरी तिच्या मुळाशी येणारा वाकवणारा जोर चौपट होतो. तो पेलायला तुळई जाड करावी लागते, म्हणजे वजन आणखी वाढतं, मागचं तोलाचं वजनही वाढतं. फिरवायला सुरुवात करताना आणि थांबवताना जी जडता जाणवते ती तर लांबीच्या घनाने वाढते. दुप्पट लांबीला आठपट. सुरू करायला जड एवढीच अडचण नाही. एकदा फिरायला लागलेलं तसलं पातं एका माणसाला थांबवता आलं नसतं आणि ते धक्क्यावर आदळलं असतं. बिडाच्या बाबतीत ते आदळणं म्हणजे तडा.

म्हणून मला वाटतं, होडीकडे गैरसोय म्हणून पाहणं चुकीचं आहे. पूल दोन भागांत तोडला म्हणूनच प्रत्येक भाग एका माणसाच्या ताकदीत आला, आणि होडी ही त्या सोयीची किंमत. दोनशे वर्षांपूर्वी ती किंमत अगदी कमी होती, कारण पाण्याकाठी राहणाऱ्या माणसाला वल्ही मारणं शिकवावं लागत नसे.

वाऱ्याची एक गोष्ट इथे सांगायला हवी. वजनाने तोललेलं पातं वाऱ्यासाठी तोललेलं नसतं. पाण्याकडचा हात लांब, त्यामुळे त्याच्यावर वारा जास्त बसतो आणि पातं आपोआप फिरू पाहतं. ग्रेट ग्लेन ही सरळ, लांब दरी आहे आणि वारा तिच्यातून नळीतून यावा तसा येतो. उघडलेलं पातं काठाला अडकवून ठेवल्याशिवाय होडीत पाय टाकायचा नाही. होडी मध्यावर असताना मागचं पातं सुटून फिरलं तर समोरच्या नौकेची डोलकाठी आणि पूल दोन्ही धोक्यात.

मोटर बसवावी का

हा पूल आज एखाद्या अभियंत्याच्या टेबलावर आला तर त्याच्यापुढे चार वाटा आहेत. पूल काढून टाकायचा आणि ओलांडण्याचा हक्क पैसे देऊन संपवायचा. स्थिर उंच पूल बांधायचा. जुन्या पुलाला मोटर बसवायची. किंवा आहे तसा चालू ठेवायचा.

पहिल्या दोन वाटा लवकर मिटतात. कालव्याची जुनी बांधकामं आज संरक्षित स्मारकं आहेत आणि शेताची वाट अजून वापरात आहे. डोलकाठ्यांच्या वरून जाणारा पूल म्हणजे दोन्ही बाजूंना लांबलचक चढ, तोही एका शेतासाठी.

मोटरीची वाट मात्र गंभीरपणे तपासायला हवी, कारण तिच्या बाजूने खरी कारणं आहेत. एकट्या माणसाने थंडी-वाऱ्यात होडीतून ये-जा करणं यात धोका आहे. पाती ढकलून पाठ धरते. नौकांना थांबावं लागतं. कालव्यावरच्या रस्त्यांच्या पुलांच्या बाबतीत हा प्रश्न केव्हाच सुटला. इनव्हर्नेसमधल्या टॉमनाहुरिकला १९३८ मध्ये पोलादी फिरता पूल बसला आणि वाहतूक आणखी वाढल्यावर २०२१ मध्ये जवळच टॉरव्हेनला दुसरा फिरता पूल सुरू झाला. तिथे ते योग्यच होतं. एक पूल उघडला की दुसऱ्यावरून गाड्या जातात आणि शहर अडकत नाही.

मॉयला तो ताण कधी आलाच नाही. कालवा व्यापारात मागे पडला, म्हणून पुलाखालून जहाजांची रांग लागली नाही. पूल शेताचा राहिला, म्हणून त्याच्यावर जड ट्रकांचा भार आला नाही. इतर मूळ पूल बहुतेक रस्त्यांवर होते आणि गाड्यांचं वजन वाढत गेलं तसे ते बदलावे लागले. मॉयचा वाचला, कारण त्याच्याकडून कोणी जास्त मागितलं नाही. ही गोष्ट थोडी खटकते, कारण जतनाच्या कथेत आपल्याला कोणीतरी झटून वाचवणारा हवा असतो. इथे दीडशे वर्षं तरी तसा कोणी लागला नाही.

आता धातूकडे येऊ, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो. बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. पाण्यावर पुढे आलेल्या पात्याच्या वरच्या भागात ताण असतो, आणि ते तुटतं तेव्हा पोलादासारखं आधी वाकून इशारा देत नाही. माणूस पातं ढकलतो तेव्हा त्याच्या जोराला मर्यादा असते. कड्यात खडा आला, चाक अडलं, खुंटा एका बाजूला झिजला, तर पातं जड लागतं आणि माणूस थांबतो. थांबून खाली वाकून बघतो. मोटर थांबत नाही. तिला जोराची मर्यादा घालून देता येते, पण ती मर्यादा ठरवायला त्या दोनशे वर्षांच्या ओतकामाच्या पोटात कुठे पोकळी आहे, कुठे जुना तडा आहे, हे आधी कळावं लागतं. माणसाची कमी ताकद हीच या पुलाची सुरक्षा आहे. विजेच्या जोडणीत फ्यूज असतो, तसं इथे माणसाचं अंग आहे.

शिवाय मोटर म्हणजे नुसती मोटर नव्हे. दोन्ही काठांना वीज, कालव्याखालून केबल, पातं पूर्ण उघडलं की नाही हे सांगणारे संवेदक, पुलावर माणूस किंवा गुरं नाहीत याची खात्री करणारी व्यवस्था, नौकांसाठी दिवे, आणि हे सगळं बसवायला जुन्या बिडात छिद्रं. ही व्यवस्था नादुरुस्त झाली की माणूस यायचाच, आणि तोवर ढकलायची सवय गेलेली असायची.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. पूल हाताने चालवावा. पण तो तसा चालवणाऱ्याची काळजी जुन्या काळासारखी नसावी. जीवरक्षक जाकीट, थंड पाण्यात पडल्यावर होडीत परत चढता येईल अशी शिडी, दोन्ही काठांना नौकेशी बोलायला रेडिओ, आणि वारा ठरावीक वेगापुढे गेला तर पूल न उघडण्याचा अधिकार. हा शेवटचा अधिकार कागदावर हवा, कारण समोर नौका ताटकळत असताना तोंडी नकार देणं एकट्या माणसाला कठीण जातं.

जतन करायचं ते लोखंडापुरतं नाही. रंग लावून उभा ठेवलेला, न फिरणारा फिरता पूल लवकर खराब होतो. चाकं एकाच जागी दबून राहतात, कड्यात पाणी साठतं, खुंटा गंजून धरतो. पूल फिरत राहणं हीच त्याची अर्धी देखभाल. म्हणून ढकलायची रीत येणारी माणसं एकापेक्षा जास्त असायला हवीत. पातं सुरू करताना हळूहळू वजन टाकायचं, शेवटच्या टप्प्यात पुढे जाऊन उलट्या बाजूने रेटायचं, मिटताना दोन्ही टोकं एकमेकांवर आपटू द्यायची नाहीत. हे पुस्तक वाचून येत नाही, एका मोसमात शेजारी उभं राहून येतं.

आणि एक साधी गोष्ट, जी कुठल्याही अशा पुलावर करता येईल. दर वर्षी नौकांचा मोसम सुरू व्हायच्या आधी, वारा नसलेल्या दिवशी, प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळा दोर बांधून त्या दोरात ताणकाटा लावावा आणि पातं हलायला किती किलो लागतात ते लिहून ठेवावं. दोन्ही बाजूंचे आकडे, त्या दिवशीचं तापमान, शेवटचं वंगण केव्हा दिलं ती तारीख. वंगणानंतर आकडा खाली आला तर ठीक. वंगण देऊनही तो वर्षागणिक चढत असेल, किंवा एका पात्याचा चढत असेल आणि दुसऱ्याचा नसेल, तर त्या बाजूचं पातं उचलून खुंटा पाहावा. तो हिवाळ्यात पाहिला तर काम आठवड्यांचं असतं, भर मोसमात अडला तर सगळा कालवा तिथे थांबतो.